पाच कॉलेजं, एक ओढा

आमच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट शंभर मुलांचं आहे. शेजारच्या कॉलेजांना सोबत घ्यायचंय. सुरुवात कुठून करू? (कार्यक्रम अधिकारी, नाशिकरोड)

गावापासून. करारावर सह्या, हारतुरे, फोटो नंतर होतील. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही शिबिराला गेलो, तर सरपंचबाईंनी विचारलं, "सर, तुम्ही पण झाडूच मारणार का?" पंधरा दिवसांपूर्वी दुसरं कॉलेज तेच करून गेलं होतं! त्यांना हवा होता वनराई बंधारा, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवणारा गोण्यांचा कच्चा बांध. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, विटांसारखे सांधे चुकवत रचायच्या. पण हे काम पाऊस ओसरल्यावर, ओढ्याला धार असतानाच करावं लागतं. आपली सात दिवसांची शिबिरं बहुधा डिसेंबर-जानेवारीत. तोवर ओढ्यात धोंडे उरतात. म्हणून पाच कॉलेजांनी आधी एकच कॅलेंडर करावं: ऑक्टोबरात गोण्या कोण भरणार, उन्हाळ्यात पाणी किती टिकलं ते कोण बघणार.

मेडिकल, इंजिनीअरिंग, आर्ट्‌स अशी वेगवेगळी कॉलेजं एकत्र येतील का?

येतील, पण आपोआप नाही. नाशकातली आर्ट्‌स-कॉमर्सची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, मेडिकल-नर्सिंगची आरोग्य विज्ञान विद्यापीठाला. परिपत्रकं वेगळी, परीक्षाही वेगळ्या. त्यामुळे परीक्षांची वेळापत्रकं पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवा. गावातली आरोग्य तपासणी नर्सिंगच्या मुलींनी करावी, घरोघरची नोंद समाजकार्यवाल्यांनी.

असं जाळं कुठे उभं राहिलंय का?

अमेरिकेत. १९८५ साली ब्राउन, जॉर्जटाउन आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या प्रमुखांनी पुढाकार घेऊन 'कॅम्पस कॉम्पॅक्ट' हे समाजसेवेसाठी कॉलेजांना जोडणारं जाळं सुरू केलं. हल्लीची पोरं स्वतःपुरतं बघतात, ही ओरड तिथेही होतीच. प्रमुखच पुढे आले की वेळ, पैसा, वर्गातली सवलत या गाठी लवकर सुटतात. आपल्याकडे १९६९मध्येच ३७ विद्यापीठांत सेवा योजना सुरू झाली. सांगाडा तयार आहे. पण विद्यापीठाकडून कॉलेजकडे कागद येतो, या कॉलेजातून त्या कॉलेजात मात्र फोनही जात नाही.

मुलं १२० तास भरण्यापुरती येतात. काय करावं?

येऊ द्या. वर्षाला १२० तास हा नियमच आहे, त्यात लाज कसली? फक्त ते तास एकमेकांशी संबंध नसलेल्या तुटक दिवसांत उधळू नका. गणपती विसर्जनाला गोदाघाटावर निर्माल्य गोळा करणारी मुलं दुसऱ्या दिवशी त्याच घाटावर पुन्हा न्या. काल हातात काय आलं आणि आज नदीत काय उरलंय, ते त्यांच्याच वहीत लिहू द्या. आमची दोन पोरं तास संपल्यावरही येत राहिली. एक चहासाठी, असं तो स्वतःच सांगतो.