बेळगावात राहून पार्ट-टाइम दुभाष्याचं काम मिळेल का? मराठी-कन्नड दोन्ही येतं.

मिळतं की, पण महिन्याचा फिक्स पगार धरून चालू नका. जास्त काम दवाखान्यातलं, चंदगड-गडहिंग्लजकडून पेशंट येतात, नर्स कन्नडमध्ये भराभर सांगून जाते आणि गोळी जेवणाआधी का नंतर हेच म्हातारीला कळलेलं नसतं, तिथं तुम्ही दोनदा विचारून खात्री करायची, अंदाजानं काही सांगायचं नाही, आणि घरचे "आजार सांगू नका तिला" म्हणाले तरी डॉक्टर जे बोलले ते गाळायचं नाही, ते डॉक्टर आणि घरचे बघतील. जमिनीच्या कामात खरेदीखत कन्नडमध्ये असतं, म्हणून नुसतं बोलता येऊन भागत नाही, वाचता यायलाच पाहिजे.

साइन लँग्वेजचं मात्र वेगळं. बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, दिल्लीच्या आयएसएलआरटीसीत (केंद्र सरकारचं साइन लँग्वेजचं संशोधन-प्रशिक्षण केंद्र) होतो, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद, असे कोर्स मान्य करणारी सरकारी संस्था) मान्यता असलेला. बोलता न येणाऱ्या साक्षीदाराला कोर्टात दुभाषा द्यायचा आणि जबानीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असं कायद्यातच आहे, तेव्हा हे शिकणारी माणसं आपल्या भागात खरंच हवीत. आणि हो, पैसे तासावर आधीच ठरवा, ताटकळत बसायचा वेळ धरून.