चित्रकारांना प्रेरणा कशातून मिळते, आणि ते आपल्या चित्रांबद्दल इतकं अवघड का बोलतात?

तुमचं पहिलं प्रदर्शन आहे, गॅलरीने चित्रांसोबत भिंतीवर लावायचं निवेदन मागितलंय आणि इतरांची निवेदनं वाचून तुम्ही घाबरला आहात, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. प्रेरणेचं आधी आटपतो, कारण मला बोलायचंय ते निवेदनाबद्दल.

चित्र सुचतं ते रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टींतून आणि हाताखालच्या साहित्यातून. सुधीर पटवर्धन १९७५ पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. दिवसभर एक्स-रे बघायचे आणि कॅनव्हासवर लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली, कारखान्याच्या रस्त्यावरची माणसं रंगवायची. त्यांच्या माणसांच्या शरीरांना जे वजन आहे ते आकाशातून पडलेलं नाही. सय्यद हैदर रझांच्या चित्रांत सारखा येणाऱ्या बिंदूची सुरुवात प्राथमिक शाळेत झाली. चंचल पोराचं लक्ष लागावं म्हणून मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं, असं ते स्वतः सांगत. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत बनारसला गेले आणि तिथे तंत्रसाधनेतली चिन्हं त्यांच्या चित्रांत शिरली. नोकरी, शाळा, बदली. प्रेरणा म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच येते.

आता निवेदन. मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला. बरीच वर्षं कांदाचाळ रंगवतोय, म्हणजे कांदा साठवायची, फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्यांच्या भिंतींची लांबट शेड. लांबून बघणाऱ्याला माझी चित्रं म्हणजे नुसते आडवे पट्टे वाटतात, खाली गडद आणि वर उजेड. दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत समूह प्रदर्शनात माझी चित्रं लागली, तेव्हा मी चार ओळी लिहून दिल्या होत्या. आमची चाळ एकपाखी, म्हणजे एकाच ओळीची आहे, लांबी दक्षिणोत्तर, त्यामुळे सकाळचं ऊन पूर्वेच्या पट्ट्यांमधून आडवं येतं. मे महिन्यात उन्हाळ कांदा भरलेला असतो तेव्हा ते ऊन पट्ट्यांवरच अडतं. कांदा निघत जातो तसतसं ते आत खाली उतरत जातं. चित्रातल्या गडद भागाची उंची म्हणजे त्या महिन्यात चाळीत उरलेला कांदा. बास, एवढंच लिहिलं होतं.

उद्घाटनाला जाऊन बघतो तर भिंतीवर भलताच मजकूर. 'विस्थापित कृषक-अस्मितेचा भग्न अवकाश', कर्जाचा अंधार, आत्महत्यांचं मौन, खाली माझं नाव. मला कुणी विचारलं नव्हतं. प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्या बाईंना मी तिथल्या तिथे म्हणालो, मॅडम, हे माझं नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या चार ओळींनी चित्रं नुसती शोभेची वाटतात, त्यांना संदर्भ लागतो.

'शोभेची' हा शब्द मला अजून सलतो. भाव पडल्यावर कांदा उकिरड्यावर ओतताना मी वडिलांच्या शेजारी उभा राहिलोय. पीककर्ज देणाऱ्या सोसायटीची नोटीस घरात आली की जेवणाच्या पंगतीत कुणी बोलत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण ते मी रंगवलेलं नाही. जे मी रंगवलं नाही ते भिंतीवर माझ्या नावाने लिहायचं, आणि जे रंगवलं त्याला शोभेचं म्हणायचं? ऊन कुठल्या महिन्यात कुठल्या पट्टीपर्यंत येतं हे बघण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवता येतो आणि ते काम गंभीर असतं, हे त्या बाईंना मान्य नव्हतं. शेतकऱ्याच्या पोराने दुःखच रंगवलं पाहिजे, उजेड रंगवण्याचा हक्क दुसऱ्या कुणाचा, असा त्याचा अर्थ होतो. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण अर्थ तोच होतो.

त्यांनी तो कागद काढला नाही. मी माझ्या चार ओळी हाताने लिहून त्याच्या शेजारी चिकटवल्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी हायकोर्टाच्या कामाला आलेले चांदवडकडचे एक गृहस्थ वेळ काढायला आत आले. दोन्हींपैकी एकही कागद न वाचता ते एका चित्रापुढे थांबले आणि मला म्हणाले, 'चाळ दिसती ही. अर्धा माल गेलाय, म्हणजे पोळ्याच्या आसपासची.' चित्र ऑगस्टमधलंच होतं. मग त्यांनी वरच्या कोपऱ्यातला हिरवट डाग दाखवून विचारलं, 'इथं कांदा सडायला लागला का?' तो डाग मी टरफलाच्या रंगाखाली मुद्दाम राहू दिला होता. त्या प्रदर्शनात माझ्या चित्रांवर याहून अचूक कुणी बोललं नाही.

सगळेच प्रेक्षक निफाड-चांदवडचे नसतात, हे मला कळतं. म्हणूनच निवेदनात नेमकी माहिती द्यायची. ज्याने चाळ बघितली नाही त्याला चाळ सांगा, तो पुढचं स्वतः बघेल. त्याच्या डोक्यात आधीच निष्कर्ष भरला की तो चित्राकडे निष्कर्ष तपासायला बघतो.

लोक अवघड बोलतात कारण निवड समित्या, फेलोशिपचे अर्ज आणि खरेदीदार यांना तशी भाषा भारदस्त वाटते. चित्र कमकुवत असलं की ती भाषा आणखी जाड होते. मराठीत चित्राबद्दल नीट बोलता येत नाही हेही मला ऐकवलं गेलंय. बरव्यांनी 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीतच लिहिलं. रेषा, जागा, वस्तू यांच्याबद्दलचा इतका बारीक विचार आपल्या भाषेत छापलेला आहे. वाचा, मग बोला. आणि चित्रकार वासुदेव गायतोंडे तर फारसं बोलतच नसत. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, वर्षाला मोजकी चित्रं करायची. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांच्या मितभाषीपणाने चित्रांचं काही अडलं नाही.

तुम्ही लिहा ते असं लिहा: काय बघत होतात, कुठे, कुठल्या वेळी. कुठला रंग आधी लावला आणि तो पुसून का टाकला. काय जमेपर्यंत सोडलं नाहीत. शंभर-दीडशे शब्द पुरे. शक्यतो 'अवकाश' आणि 'अस्मिता' नको.

मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) किंवा संकल्पनेवर उभं असलेलं काम करत असाल तर माझा सल्ला अर्धाच घ्या, तिथे मजकूर हाच कामाचा भाग असतो. तुमचा विषय खरोखर कर्ज किंवा विस्थापन असेल तर तसं लिहा, त्याला माझी ना नाही. पण मजकूर देताना ईमेलमध्ये स्पष्ट लिहून ठेवा की विचारल्याशिवाय एक शब्दही बदलायचा नाही. भिंतीवर लागणारा कागद उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जाऊन स्वतः वाचा. बदललेला दिसला तर तो काढल्याशिवाय चित्रं टांगू देऊ नका.