वॉर्सा की टॅलिन : पगाराच्या चलनाचा प्रश्न

पोलंडमधील वॉर्सा आणि एस्टोनियातील टॅलिन या दोन्ही ठिकाणी तुम्हाला नोकरी देऊ केली आहे, पुण्यातील घराचा हप्ता रुपयांत फेडायचा आहे, आणि युरोत पगार असला की निर्धास्त राहता येते का, असे तुम्ही विचारले आहे. मी २०१३पासून वॉर्सात राहतो. माझ्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे.

एस्टोनियाने जून १९९२मध्ये रूबल सोडून क्रोन हे स्वतःचे चलन आणले आणि ८ क्रोन म्हणजे १ जर्मन मार्क हा दर पक्का बांधून टाकला. पुढे जागतिक आर्थिक संकटात २००९मध्ये तिथली अर्थव्यवस्था सुमारे १४ टक्क्यांनी आकसली, तेव्हा बांधलेल्या दरामुळे चलनाचे अवमूल्यन न करता सारा भार पगारांवर आणि नोकऱ्यांवर पडू दिला गेला. तो सोसूनच त्या देशाने २०११मध्ये युरो स्वीकारला. पोलंडने मात्र एप्रिल २०००पासून झ्लॉटी या आपल्या चलनाचा दर बाजारावर सोडला होता. त्या संकटात झ्लॉटी जोरात घसरला, निर्यातदारांना आधार मिळाला, आणि २००९मध्ये युरोपीय संघात एकट्या पोलंडची अर्थव्यवस्था वाढली. देशांतर्गत बाजारपेठ मोठी असल्याचाही त्यात वाटा होता, हे विसरू नये.

या मोकळेपणाची किंमत मी जवळून पाहिली आहे. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोच्या तुलनेत फ्रँक फार महाग होऊ न देणारी मर्यादा उठवली, फ्रँक एकदम वधारला आणि पगार झ्लॉटीत, गृहकर्ज फ्रँकमध्ये असलेल्या माझ्या सहकाऱ्यांची देणी एका सकाळीत फुगली. मार्च २०२२मध्ये युक्रेन युद्धाच्या धास्तीने एका युरोला जवळजवळ ५ झ्लॉटी पडू लागले, आणि त्या महिन्यात घरी पाठवलेल्या पैशांचे रुपयेही कमी झाले.

तथापि युरो महागाईपासून वाचवत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये एस्टोनियातील महागाई २५ टक्क्यांच्या आसपास होती, आणि व्याजदर फ्रँकफर्टमधील युरोपीय मध्यवर्ती बँकेत संपूर्ण युरोक्षेत्राकडे पाहून ठरत होता. शिवाय रुपयाच्या तुलनेत युरोही वरखाली होतोच.

दोन्ही देश २००४पासून युरोपीय संघात आणि २००७च्या अखेरीपासून शेंगेन या सामायिक प्रवासक्षेत्रात आहेत. पण एका देशाच्या परवान्यावर दुसऱ्या देशात नोकरी करता येत नाही. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा युरोपीय संघाचा परवाना, असणाऱ्याला वर्षभरानंतर स्थलांतर सोपे जाते, तरी नवा अर्ज करावाच लागतो.

वॉर्सा निवडल्यास सहा महिन्यांचे हप्ते आधीच रुपयांत बाजूला ठेवा, आणि पगार झ्लॉटीत असेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही चलनात नवे कर्ज घेऊ नका.