नवरा-बायकोची मुलाखत एकत्र घ्यावी का?

तुम्ही लघुप्रबंधासाठी घरकामाची वाटणी हा विषय घेतलाय आणि विचारताय की प्रश्नावली बरी की मुलाखत, नमुना किती घ्यावा, आणि नवरा-बायकोला एकत्र बसवून विचारलं तर चालेल का. पहिल्या दोन्हींवर बाकीचे सांगतीलच. तिसऱ्यावर मला बोलायचंय. नाही चालणार.

माझ्या पीएचडीचा विषय होता, घरातले निर्णय कोण घेतं. गाइड सरांचं मत असं की कुटुंब हे एकक, म्हणून एका घराची एकच मुलाखत, तीही जोडप्याची एकत्र. मी तशा २२ घेतल्या. वहीत जवळजवळ प्रत्येक घरापुढे तेच वाक्य: "आम्ही सगळं मिळून ठरवतो." तेविसाव्या घरीही नवऱ्याने तेच सांगितलं. बायको शेजारी बसून मुलांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याचं बोलून झालं तशी तिने घातलेली घडी मोडली आणि तोच शर्ट पुन्हा हातात घेतला. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर "ते म्हणाले तेच." मग जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, कर्जाचं मिळून ठरवलं असं लिहू नका. सहीला बोलावलं तेव्हा मला कळलं."

पुढच्या आठवड्यात दोघांना वेगवेगळं भेटले. तिच्याकडून जे ऐकलं त्याची थोडी कल्पना होती, त्याच्याकडून ऐकलं त्याची अजिबात नव्हती. मुलांच्या शाळेचं सगळं तीच ठरवते, कारण आपलं शिक्षण अर्धवट राहिल्याची त्याला लाज वाटते. तिच्यासमोर तो हे कधीच बोलला नसता. एकत्र मुलाखतीत दोघांचंही खरं बुडालं होतं.

आधीची २२ घरं मी पुन्हा केली. सर म्हणाले, "दोघांची उत्तरं जुळत नाहीत म्हणजे तुमची प्रश्नावलीच सदोष." अहो, न जुळणं हाच तर डेटा! लग्नात दोन लग्नं असतात, त्याचं वेगळं आणि तिचं वेगळं, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेसी बर्नार्ड यांनी १९७२ मध्येच मांडलंय. तुमच्या विषयाला तर हे थेट लागू पडतं. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी ३७ जोडप्यांना वेगवेगळं विचारलं की कुठल्या कामात तुमचा वाटा किती. २७ जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्णाच्या, म्हणजे शंभर टक्क्यांच्या, वर गेली. शेजारी-शेजारी बसवलं असतं तर ती बेरीज दिसलीच नसती.

सर अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात झालेल्या, घरातले निर्णय कोण घेतं याच्याच एका अभ्यासाचा दाखला द्यायचे. ब्लड आणि वुल्फ या समाजशास्त्रज्ञांचा, १९६० चा. त्यात फक्त बायकांना विचारलं होतं, म्हणून घरातल्या एकाकडून माहिती घेतली तरी भागतं, असा सरांचा युक्तिवाद. पण नेमक्या याच सवयीवर समाजशास्त्रज्ञ साफिलिओस-रॉथशिल्ड यांनी १९६९ मध्ये बोट ठेवलं, की हे कुटुंबाचं समाजशास्त्र आहे की बायकांच्या कुटुंबाचं? हे मी सरांना तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी ते वाचलं नव्हतं.

"जास्त काम कोण करतं?" असं विचारूच नका. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते तासातासाने सांगायला लावा, दोघांनाही, शक्यतो एकाच दिवशी.

आणि हो, एकीकडचं दुसरीकडे चुकूनही जाऊ देऊ नका, "ताई तर असं म्हणाल्या" एवढंसुद्धा नाही. घरात मारहाणीची शंका आली तर वेगळी मुलाखत घेण्याआधी थांबा आणि अनुभवी माणसाला विचारा. तुम्ही निघून गेल्यावर "काय सांगितलंस?" हा प्रश्न तिलाच झेलावा लागतो.

सरांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. त्यांना दोन्ही उत्तरांची सरासरी हवी होती. माझ्या प्रबंधात प्रत्येक घरापुढे दोन रकाने आहेत, आणि ते मी कुठेही एकत्र केलेले नाहीत.