सोया की शतावरी? त्याआधी थायरॉइडच्या गोळीचं बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीची मीच दिसले. रात्री अडीचला गाऊन पिळावा इतका घाम, नवऱ्याला थंडी वाजते म्हणून पंखा दोनवर, आणि हार्मोन्स नको बाई, काहीतरी झाडपाल्याचं द्या. तुम्ही मेनोपॉजच्या घामासाठी सोया आयसोफ्लेव्होन (सोयातलं इस्ट्रोजेनसारखं द्रव्य) की शतावरी एवढंच विचारलंय, पण मधेच एका ओळीत थायरॉइडची गोळी चालू असल्याचं लिहिलंय ना, माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

एका वेलनेस सेंटरचं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलेलं, साडेअकरा हजार! नाडी बघितली, जीभ बघितली, रंगीत डाएट चार्ट दिला, पण कुठल्या गोळ्या चालू आहेत हे कोणी विचारलं नाही आणि मीही शहाणी, सांगितलं नाही. सोयाची कॅप्सूल (त्यात कॅल्शियमपण होतं) विसरायला नको म्हणून उठल्याउठल्या थायरॉइडच्या गोळीसोबत एकाच घोटात घ्यायचे. सोया आणि कॅल्शियम दोन्ही ती गोळी अंगी लागू देत नाहीत. कंगव्यात केसांचा पुंजका, दुपारी दोनला डोळे मिटायचे, चेहरा सुजलेला, मला वाटे मेनोपॉजच हा, सेंटरवाले म्हणे शरीर शुद्ध होतंय, अजून एक पॅकेज घ्या. शेवटी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, थायरॉइड कमी पडलं की आकडा वाढतो) केलं तर १४, एरवी ३ च्या आत असायचं. जाब विचारायला गेले तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे मॅडम. असो, लिहितानाच डोकं तापतंय.

आता सोया आणि कॅल्शियम रात्री जेवल्यावर, गोळीपासून निदान चार तास लांब. उपयोग? घाम थोडा कमी झाला, पण सोया सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, त्यातून इक्वॉल (इस्ट्रोजेनसारखं काम करणारा घटक) बनवणारे जीवाणू प्रत्येकीच्या पोटात नसतात. शतावरी कल्प दुधातून घेतला, मला फरक शून्य, बहीण मात्र शपथेवर सांगते. जवसाची चटणी चालूच आहे, घामाचं माहीत नाही, पोट साफ होतं. ब्लॅक कोहोश (मेनोपॉजसाठी विकली जाणारी एक परदेशी वनस्पती) मात्र ऑनलाइन बघून मागवू नका, लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत.

मी डॉक्टर नाही हां. स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर यातलं काहीच मनाने नको. आणि पाळी वर्षभर बंद राहून परत अंगावरून रक्त गेलं तर काढे बाजूला ठेवून आधी गायनॅककडे.

शेवटचं टीएसएच कधी केलंय ते लिहा आधी.