टेनेबल म्हणजे खरं नव्हे

प्रिय पोरी,

तुझा कोर्टात द्यायचा ड्राफ्ट काल दोनदा वाचला, मेहनत दिसते, पण 'अनटेनेबल' सात वेळा लिहिलायस आणि त्यातल्या पाच ठिकाणी तुला नुसतं 'खोटं' म्हणायचंय, म्हणून कोर्टनाक्यावरून घरी आल्याआल्या लिहायला बसले.

अगं, टेनेबल म्हणजे तग धरणारं. लॅटिन 'टेनेरे' म्हणजे धरून ठेवणं, त्यावरून फ्रेंचमार्गे हा शब्द आला, टेनंट, टेन्युअर, मेंटेन ही सगळी त्याचीच भावंडं, आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की त्याच्या मुळाशी जो ताणण्याचा धातू आहे तोच संस्कृतात 'तन्' झाला आणि आपल्याकडे ताण, तंतू होऊन आला, म्हणजे आपण 'ताणून धरलं' म्हणतो ना, तेव्हा त्याच घरातलं बोलतो.

इंग्रजीत किल्ल्यालाही टेनेबल म्हणतात. तू रोज ठाण्याच्या ज्या सेंट्रल जेलवरून जातेस तो पोर्तुगीजांचा किल्ला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला, १७७४ ला मराठ्यांकडून इंग्रजांनी. भिंती दोन्ही वेळा होत्या, खऱ्याखुऱ्या दगडाच्या, पण आतल्यांना तो धरून ठेवता आला नाही. दाव्याचं तसंच बघ, माणूस खरं बोलत असतो पण हातात एक कागद नसतो, मग काय धरून ठेवणार?

मेंटेनेबल वेगळं हं. अर्ज चालवायचा त्या कोर्टाला अधिकारच नाही, तिथे नॉट मेंटेनेबल. अर्ज चालला पण युक्तिवाद कायद्यापुढे उभा राहत नाही, तिथे नॉट टेनेबल. लोक सरमिसळ करतात, तू नको करूस. आणि फेलोशिप 'टेनेबल फॉर थ्री इयर्स' असेल तर ती तीन वर्षं तुझ्याकडे राहील एवढंच.

मी ज्युनियर असताना असंच 'अनटेनेबल' लिहून उभी राहिले आणि जजसाहेबांनी शांतपणे विचारलं, कुठे तुटतं ते दाखवा. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आमच्या पक्षकाराला तारीख घेऊन परत जावं लागलं, ते अजून लागतं मनाला.

तुझ्या पान तीनवर शब्द अगदी बरोबर बसलाय, भाडेकरू म्हणतो भाडं आजवर भरलंय आणि त्यानेच जोडलेल्या पावत्या मार्चला थांबतात. पण हे कारण तू लिहिलंच नाहीस! ते आधी टाक, शब्द नंतर. त्या चुकलेल्या पाच जागा शनिवारी घेऊन ये, चारनंतर मी घरीच आहे.

तुझी,
ताई