रोमन सेनापती युद्धात सैनिकांचं मनोबल कसं वाढवायचे?

मुख्यतः स्वतः आघाडीवर उतरून, नावानिशी हाका मारून आणि चारचौघांत मान देऊन. इ.स.पू. ५७ मध्ये साबिस नदीकाठी गॉलमधल्या (आजचा फ्रान्स-बेल्जियमचा भाग) नर्व्ही टोळ्यांनी अचानक हल्ला केला, तेव्हा सीझरकडे ढालही नव्हती. मागच्या रांगेतल्या एका शिपायाची ढाल हिसकावून तो पुढे घुसला, सेंच्युरियनांना (शिपायांच्या तुकड्यांच्या नायकांना) एकेकाच्या नावाने साद घातली आणि फळी सावरली. आदल्या वर्षी जर्मनांच्या धास्तीने सैन्य कच खाऊ लागलं, तर ‘कोणी आलं नाही तरी एकट्या दहाव्या लीजनला (काही हजार सैनिकांच्या पलटणीला) घेऊन निघेन’ म्हणून त्याने बाकीच्यांना डिवचलं (मला हा डाव जास्त भारी वाटतो). लढाईत सहकारी नागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचा मुकुट मिळे. मात्र सीझरचे हे दोन्ही प्रसंग त्याने स्वतःच लिहिलेत, तेव्हा थोडा मीठमसाला धरूनच वाचा.